बॅकअप आहे, पण परत आणता येतो का?



बारावीच्या वर्गात एसक्यूएलचा पाठ संपत आला की कुणीतरी विचारतेच, ‘सर, टेबल तयार केले, सिलेक्ट चालवले, मार्कही मिळतील. पण पुढे या कामावर पोट कुणाचे भरते?’ बऱ्याच जणांचे भरते. त्यांपैकी एकाविषयी आज लिहितो. त्याला डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात, थोडक्यात डीबीए. मराठीत ‘विदागार’ असा शब्द घडवलेला आहे, पण आपल्या लॅबमध्ये तो कुणी उच्चारलेला मी ऐकला नाही, म्हणून आपण डेटाबेसच म्हणू.

कोत सांभाळणारा हवालदार फायरिंगला जातोच असे नाही. रायफल चालवणारे दुसरे असतात. पण एकूण किती रायफली, कुठली कोणाच्या नावावर गेली, परत आली का, दुरुस्तीला किती आहेत, हे रात्री दोन वाजता उठवून विचारले तरी त्याला सांगता आले पाहिजे. डीबीएचे कामही साधारण असेच. डेटाबेस वापरणारे शेकडो, हजारो असतात. तो शाबूत राहावा, योग्य माणसालाच दिसावा, वेळेत उत्तर द्यावा आणि बिघडला तर पुन्हा उभा राहावा, ही जबाबदारी डीबीएची. यातला शेवटचा भाग सर्वांत अवघड, आणि अभ्यासक्रमात सर्वांत कमी शिकवला जाणारा.

आधी स्वतःवर आलेला एक प्रसंग सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका निवासी संस्थेत संगणकाचे काम पाहत होतो. मुलांची सगळी माहिती एका मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये होती. एमआय रूमचे रेकॉर्डही त्यातच: रक्तगट, ॲलर्जी, चष्म्याचा नंबर. एका मुलाचा रक्तगट चुकीचा नोंदला गेला होता. तो दुरुस्त करायला मी अपडेटची आज्ञा लिहिली. पहिल्या ओळीत ‘रक्तगट बी पॉझिटिव्ह करा’ आणि दुसऱ्या ओळीत ‘व्हेअर’ लावून त्या मुलाचा नंबर, असे लिहायचे होते. पहिली ओळ संपली, हाताच्या सवयीने मी अर्धविराम दिला आणि एंटर दाबले. पडद्यावर उत्तर आले: जुळलेल्या ओळी ४१२.

संस्थेत मुले ४१२ होती.

सुभेदार साहेब शेजारीच उभे होते. मी त्यांना म्हणालो, ‘साहेब, काळजी नको, रोज रात्री बॅकअप होतो.’ बॅकअपचे फोल्डर उघडले. रोजची एक फाइल, नावात तारीख, सगळ्या एका रांगेत. कालच्या फाइलचा आकार पाहिला: शून्य बाइट. परवाची शून्य. मागच्या आठवड्यातली शून्य. बॅकअपची डिस्क चार महिन्यांपूर्वी भरून गेली होती. तेव्हापासून प्रोग्रॅम रोज रात्री जागा होऊन एक रिकामी फाइल तयार करत होता आणि लॉगमध्ये ‘बॅकअप पूर्ण’ असे लिहून मोकळा होत होता. ते वाक्य मीच लिहिलेले होते. काम झाले की नाही हे न तपासता ते छापायचे, अशी त्याची रचनाही माझीच. शेवटची धड फाइल चार महिन्यांपूर्वीची, आणि मधल्या काळात नवे सत्र सुरू झालेले. नव्या मुलांचा त्या फाइलमध्ये पत्ताच नव्हता.

आम्हाला वाचवले एमआय रूमच्या जाड रजिस्टरने. नर्सिंग असिस्टंटने ते हाताने, शाईच्या पेनाने लिहिलेले होते. दोन रात्री आम्ही दोघे बसलो. तो वाचायचा, मी टाइप करायचो, मग मी वाचायचो आणि तो रजिस्टरवर बोट ठेवून पडताळायचा. तोवर एमआय रूमच्या संगणकावर ‘रक्तगट इथे पाहू नये’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. रक्त देण्यापूर्वी रुग्णालय स्वतः तपासणी करतेच, हे खरे. पण म्हणून आपल्या नोंदीत काहीही असले तरी चालते, असे कोणत्याही पालकाला सांगून पाहा.

या प्रसंगात चुका दोन. एक आज्ञा देतानाची, दुसरी चार महिने कुणाला न दिसलेली. दोन्ही टाळण्याचे कौशल्य शिकता येते. त्याआधी रिलेशनल म्हणजे काय, ते थोडक्यात.

ही कल्पना एडगर कॉड यांची. जन्म १९२३, इंग्लंडमधला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. पुढे अमेरिकेत आयबीएम कंपनीत गेले आणि १९७० साली त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचे सार असे: माहिती साध्या टेबलांत ठेवावी, टेबलांमधली नाती मूल्यांनी जोडावी, आणि वापरणाऱ्याने ‘काय हवे’ एवढेच सांगावे. ते डिस्कवर कुठे आहे आणि कोणत्या वाटेने आणायचे, ही चिंता यंत्राची. त्याआधी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ती वाट ठाऊक असावी लागे. १९८१ साली कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल ही सगळी याच विचाराची झाडे.

आपल्याच शाळेवरून उदाहरण घेऊ. एका टेबलात कॅडेट: नंबर, नाव, हाऊस. दुसऱ्यात रायफली: रजिस्टर नंबर, स्थिती. तिसऱ्यात वाटप: कोणती रायफल, कोणत्या कॅडेटला, किती वाजता, परत कधी. कॅडेटचा नंबर ही पहिल्या टेबलाची प्रायमरी की; दोन कॅडेटना एकच नंबर देता येणार नाही, डेटाबेसच नकार देईल. वाटपाच्या टेबलात तोच नंबर फॉरेन की म्हणून येतो. म्हणजे अस्तित्वात नसलेल्या कॅडेटच्या नावावर रायफल देता येणार नाही. हे नियम प्रोग्रॅममध्ये लिहू, असे नवशिके नेहमी म्हणतात. प्रोग्रॅम तीन असतील, लिहिणारे पाच असतील आणि त्यांतला एक जण नियम विसरेल. नियम डेटाबेसच्या दारातच असला की विसरायला वाव राहत नाही.

आता पहिली चूक. रायफल वाटताना दोन नोंदी होतात: कोतमधून एक कमी, कॅडेटच्या नावावर एक जास्त. पहिली नोंद होऊन वीज गेली तर रायफल कुणाकडेच नाही. म्हणून दोन्ही नोंदी एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये बांधतात. ‘बिगिन’ म्हणून सुरुवात, ‘कमिट’ म्हणून शिक्कामोर्तब, आणि मध्ये काही बिनसले तर ‘रोलबॅक’ म्हणून सगळे मागे. दोन्ही झाल्या किंवा दोन्ही झाल्या नाहीत, अधलेमधले काही नाही. पुस्तकात हे एवढ्यावर संपते. पण डीबीएसाठी ट्रॅन्झॅक्शन ही हाताला लावायची शिस्तही आहे. मायएसक्यूएलमध्ये काही न सांगता दिलेली आज्ञा लगेच पक्की होते, कारण ऑटोकमिट मुळातच चालू असतो. म्हणून हाताने काही बदलायचे असेल तर पुढचा क्रम अंगवळणी पाडा.

आधी ‘बिगिन’. मग अपडेट लिहायच्या आधी त्याच ‘व्हेअर’चा सिलेक्ट चालवा आणि किती ओळी येतात ते मोजा. एकाच मुलाची नोंद बदलायची असेल तर एकच ओळ आली पाहिजे. आकडा कागदावर लिहा. होय, कागदावर. मग अपडेट. उत्तरातला आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळला तरच ‘कमिट’, नाहीतर ‘रोलबॅक’. मी ही सवय त्या दिवशी पाळली असती तर ४१२ आकडा पाहून रोलबॅक लिहिले असते आणि चहा प्यायला गेलो असतो.

मायएसक्यूएलच्या कमांड लाइनवर सेफ अपडेट्स नावाची एक सोय आहे. ती लावली की की-कॉलमवरचा ‘व्हेअर’ किंवा ‘लिमिट’ नसलेला अपडेट आणि डिलीट तो चालवतच नाही. गंमत म्हणजे त्याच सोयीला दुसरे अधिकृत नावही दिलेले आहे, त्याचा अर्थ ‘मी अडाणी आहे’. मी ते नाव वापरतो आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही.

एक खबरदारी. मायएसक्यूएलमध्ये टेबल ‘ड्रॉप’ केले की आधीचे काम आपोआप कमिट होते. रोलबॅकने टेबल परत येत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये येते. एकाच विषयाची दोन सॉफ्टवेअर, पण वागणूक वेगळी. म्हणून ‘एसक्यूएल येते’ एवढ्यावर डीबीए होत नाही. हातात असलेले सॉफ्टवेअर चुकीच्या वेळी काय करते, हे माहीत असावे लागते.

दुसरी चूक मोठी आहे, आणि ती फक्त माझ्यासारख्या एकट्या माणसाकडून होत नाही. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रॅमरांचे काम साठवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसवर भार वाढला आणि मुख्य सर्व्हरची दुसरी प्रत, म्हणजे रेप्लिका, मागे पडली. ती प्रत नव्याने बनवण्यासाठी एक इंजिनिअर तिथले जुने फोल्डर पुसायला निघाला. आज्ञा त्याने दिली ती मात्र मुख्य सर्व्हरवर. दोन खिडक्या उघड्या होत्या, तो चुकीच्या खिडकीत होता. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले आणि त्याने आज्ञा थांबवली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी शिल्लक होते. आपल्याकडे तेव्हा १ फेब्रुवारीची पहाट होती, पाच वाजत आले होते.

मग बॅकअप शोधणे सुरू झाले. रोजचा डंप दूरच्या साठ्यात जायला हवा होता. तिथे काहीच नव्हते. डंप घेणारे साधन पोस्टग्रेएसक्यूएलच्या ९.२ आवृत्तीचे आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे ते रोज चूक देऊन बंद पडत होते. चुकीची सूचना देणारे ईमेल निघत होते, पण सही नसल्याने समोरचा सर्व्हर ते नाकारत होता. डिस्कचे स्नॅपशॉट होते, पण डेटाबेसच्या सर्व्हरसाठी ते चालू केलेलेच नव्हते. कंपनीने स्वतःच्या नोंदींत लिहून ठेवले की पाच पद्धतींपैकी एकही भरवशाने चालत नव्हती किंवा मुळात मांडलेलीच नव्हती. शेवटी कामी आला तो सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट, जो त्याच इंजिनिअरने चाचणीच्या कामासाठी हाताने घेतला होता. तो संथ डिस्कवरून परत आणायला १८ तासांच्या आसपास लागले. मधल्या सहा तासांतले सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती गेली. या सगळ्या दुरुस्तीचे काम कंपनीने यूट्यूबवर थेट दाखवले आणि नंतर काय काय चुकले ते सविस्तर प्रसिद्ध केले. मला त्या कंपनीविषयी आदर वाटतो तो यासाठी. आपली शून्य बाइटची फाइल लोकांना दाखवायला हिंमत लागते. मला ती दाखवायला इतकी वर्षे लागली.

माझा प्रसंग आणि त्यांचा प्रसंग शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे बॅकअपची व्यवस्था होती. दोन्हीकडे ती बंद पडलेली कुणाला कळले नव्हते. दोन्हीकडे कारण एकच: फाइलमधून डेटाबेस परत उभा करून पाहण्याची पाळी आधी कधी आलेली नव्हती. आग लागल्यावर काय करायचे याची ड्रिल आपण शाळेत घेतो. बादल्या भरलेल्या आहेत असे रजिस्टरमध्ये लिहिलेले असते म्हणून ड्रिल रद्द करत नाही. डेटाबेसच्या बाबतीत मात्र लोक रजिस्टरवरच थांबतात.

आता ही ड्रिल कशी करायची ते सांगतो. लॅबमधल्या कोणत्याही संगणकावर होईल.

सरावासाठी मायएसक्यूएलचा ‘सकीला’ नावाचा नमुना डेटाबेस घ्या. चित्रपट भाड्याने देणाऱ्या दुकानाचा तो आहे. चित्रपटांच्या टेबलात १,००० ओळी, कलाकारांच्या टेबलात २००. तो फुकट मिळतो. पहिल्या दिवशी तो बसवा आणि प्रत्येक टेबलातील ओळी मोजून वहीत लिहा. मग त्याचा डंप घ्या. डंप म्हणजे टेबले बनवण्याच्या आणि भरण्याच्या आज्ञांची लांबलचक फाइल. ती उघडून वाचा, घाबरू नका, ओळखीच्याच आज्ञा दिसतील. फाइलचा आकार लिहा. शून्य नाही ना, हे मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी जोडीदाराला सांगा की तुझ्या मनाला येईल ते कर. तो एखादे टेबल उडवेल, अर्ध्या ओळी पुसेल, सगळ्यांची नावे एकच करेल. काय केले ते त्याने सांगायचे नाही. घड्याळ लावा. डंपवरून नव्या, वेगळ्या नावाच्या डेटाबेसमध्ये सगळे परत आणा. जुन्यावर थेट ओतू नका. बिघडलेल्या डेटाबेसमध्येही बॅकअपनंतरची काही खरी माहिती असू शकते आणि ती पुसली गेली तर दुसऱ्यांदा नुकसान. ओळी मोजा, वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहा, दोन-चार नोंदी डोळ्यांनी तपासा. घड्याळ थांबवा. वेळ लिहा.

पहिल्यांदा बहुतेकांना तास-दीड तास लागतो. त्यातला बराच वेळ आज्ञा आठवण्यात, पासवर्ड शोधण्यात आणि चुकीच्या फोल्डरमध्ये भटकण्यात जातो. हे बघून पुढच्या वेळी काय करायचे ते मुलांना आपसूक सुचते: आज्ञा क्रमाने एका कागदावर लिहून ठेवायच्या. डीबीए लोक याला रनबुक म्हणतात. चांगल्या रनबुकची कसोटी अशी की ती लिहिणारा रजेवर असताना तुमच्यातला ज्युनिअर ती वाचून काम पूर्ण करू शकला पाहिजे. ज्युनिअरला खरोखर बसवा आणि स्वतः तोंड बंद ठेवून मागे उभे राहा. मला तरी हे दुसरे जास्त कठीण जाते.

सराव वाढला की दोन प्रश्न पुढे येतात. बिघाड झाला तर किती वेळाची माहिती गेलेली चालेल? आणि पुन्हा उभे राहायला किती वेळ लागलेला चालेल? लायब्ररीच्या पुस्तकांची यादी असेल तर एक दिवस गेला तरी चालेल, परवाच्या नोंदी पुन्हा करता येतील. बँकेत एक मिनिटही चालत नाही. याची उत्तरे डीबीएने मनाने ठरवायची नसतात, ज्यांची माहिती आहे त्यांना विचारून लिहून घ्यायची असतात. उत्तर ‘एक मिनिट’ असे आले तर रात्रीचा डंप पुरणार नाही. तेव्हा डेटाबेस प्रत्येक बदल ज्या नोंदवहीत क्रमाने लिहितो, ती वही जपावी लागते. मायएसक्यूएलमध्ये तिला बायनरी लॉग म्हणतात, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये डब्ल्यूएएल. जुना पूर्ण बॅकअप घ्यायचा, त्यावर ही वही चुकीच्या आज्ञेच्या अगदी आधीच्या क्षणापर्यंत चालवायची. मायएसक्यूएलमध्ये ८.० आवृत्तीपासून ही वही मुळातच चालू असते. आमच्या त्या संस्थेत ती बंद होती, आणि ती असते हेच मला ठाऊक नव्हते.

‘सर, रेप्लिका असली की बॅकअप कशाला?’ हा प्रश्न हुशार मुले विचारतात. रेप्लिका मुख्य सर्व्हरची हुबेहूब नक्कल करते. सर्व्हर जळाला तर ती उपयोगी पडते. पण तुम्ही ४१२ रक्तगट बदललेत तर तीही इमानाने ४१२ रक्तगट बदलते, तेही लगेच. बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक तरी दुसऱ्या इमारतीत, असा जुना हिशेब आहे. शाळेसाठी तो पुरेसा आहे.

वेगाबद्दल थोडे, कारण प्रत्यक्ष नोकरीत डीबीएला सर्वांत जास्त फोन ‘सिस्टीम हळू चालते’ म्हणूनच येतात. इथे ‘एम्प्लॉईज’ नावाचा दुसरा नमुना डेटाबेस घ्या. त्यात सुमारे तीन लाख कर्मचारी आणि पगाराच्या २८ लाखांहून जास्त नोंदी आहेत. एका ठरावीक रकमेचा पगार असलेल्या नोंदी मागा आणि आज्ञेच्या आधी ‘एक्सप्लेन’ शब्द लावा. डेटाबेस काम कसे करणार ते सांगेल: टाइपच्या रकान्यात ‘ऑल’, म्हणजे सगळे टेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचणार. आता पगाराच्या कॉलमवर इंडेक्स बनवा आणि पुन्हा विचारा. इंडेक्समध्ये तीन-चार पायऱ्या उतरून तो थेट जागेवर पोचतो. फरक घड्याळाने मोजा. मग मुद्दाम सात-आठ इंडेक्स बनवा आणि हजारो नव्या नोंदी टाकून पाहा. प्रत्येक नोंदीसोबत प्रत्येक इंडेक्स दुरुस्त करावा लागत असल्याने काम मंदावेल. कुठे इंडेक्स हवा आणि कुठे नको हे असे हाताने केल्यावरच कळते.

परवानग्यांचे तत्त्व तुम्हाला शिकवायची गरज नाही. ज्याला जेवढे कामाचे तेवढेच त्याला सांगायचे, हे तुम्ही रोज पाळता. डेटाबेसमध्ये ‘ग्रँट’ आणि ‘रिव्होक’ या आज्ञा तेच करतात. मेसच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमला एमआय रूमचे टेबल दिसायचे कारण नाही, आणि निकाल दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला टेबल ड्रॉप करण्याचा अधिकार कशाला? खऱ्या आणि सरावाच्या सर्व्हरच्या खिडक्यांचे रंगही वेगळे ठेवा. गिटलॅबनेही त्या रात्रीनंतर आज्ञेच्या ओळीवर सर्व्हरची ओळख ठळक दिसेल असा बदल कामांच्या यादीत घेतला होता.

याच ओघात एक सूचना, कॅडेटना आणि शिक्षकांनाही. सरावासाठी वर्गमित्रांची खरी माहिती वापरू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे, आणि तिची माहिती हाताळायला सर्वसाधारणपणे पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. काल्पनिक नावे बनवा, त्यातही मजा असते. मागच्या वर्षी एका गटाने पूर्ण कंपनी क्रिकेटपटूंची उभी केली होती आणि विकेटकीपरला कोत सांभाळायला दिले होते.

शिकायचे कुठून? सुरुवात हातातल्या पुस्तकापासून. एनसीईआरटीची अकरावीची इन्फॉर्मॅटिक्स प्रॅक्टिसेस आणि बारावीची कॉम्प्युटर सायन्सची पुस्तके फुकट उतरवून घेता येतात, त्यांतली डेटाबेस आणि एसक्यूएलची प्रकरणे पायासाठी चांगली आहेत. त्यापुढे एनपीटीईएलवर आयआयटी खडगपूरची, पार्थ प्रतिम दास यांची व्याख्यानमाला आहे. ती कॉलेजच्या पातळीची आहे, पण पहिली काही व्याख्याने बारावीच्या मुलाला झेपतात. सिल्बरशॅट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचे ‘डेटाबेस सिस्टीम कन्सेप्ट्स’ हे जगभर अभ्यासले जाणारे पुस्तक. त्यातले सुदर्शन आपल्या आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. ते पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, अडाल. एसक्यूएल आणि ट्रॅन्झॅक्शनची प्रकरणे आधी घ्या.

पण एकच गोष्ट निवडायची असेल तर मी पोस्टग्रेएसक्यूएलची अधिकृत माहितीपुस्तिका निवडेन. ती फुकट आहे, पीडीएफ मिळते, म्हणजे हॉस्टेलमध्ये इंटरनेट नसले तरी अडत नाही. तिच्यात बॅकअप आणि रिस्टोअरवर स्वतंत्र प्रकरण आहे. इंग्रजी नेमके आणि कोरडे. पहिल्यांदा कंटाळा येईल. तरी मूळ माहितीपुस्तिका वाचण्याची सवय हेच या व्यवसायातले निम्मे कौशल्य आहे. यूट्यूबवरचा माणूस त्याच्या संगणकावर जे चालले ते सांगतो, पुस्तिका काय चालणार नाही तेही सांगते.

ज्यांना लॅबचा आठवड्याला एकच तास मिळतो त्यांनी एसक्यूलाइट घ्यावे. त्याला सर्व्हर लागत नाही, अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये राहतो. त्याचा जन्मही आपल्या वाचकांना आवडेल असा आहे. २००० साली रिचर्ड हिप हे अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. जहाजाला इजा झाली तर कोणते व्हॉल्व्ह बंद करायचे, हे सांगणारे ते सॉफ्टवेअर. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की तेही ‘जोडता येत नाही’ म्हणून हात वर करी. नेमक्या संकटाच्या वेळी! तेव्हा सर्व्हर नको आणि डीबीएही नको, असा डेटाबेस हिप यांनी लिहायला घेतला. आज तो तुमच्या घरच्या प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. त्यातही एक शिस्त पाळा: काम चालू असताना ती फाइल नुसती कॉपी करू नका, त्याची स्वतःची बॅकअपची आज्ञा वापरा.

पालक फोनवर विचारतात, ‘सर, मुलाला कोणता कोर्स लावू? सर्टिफिकेट किती महिन्यांत मिळेल?’ शाळकरी वयात कोणताही लावू नका. कंपन्यांची प्रमाणपत्रे त्या त्या सॉफ्टवेअरशी बांधलेली असतात आणि नोकरीच्या तोंडावर घेतलेली बरी. घरी चार जीबी मेमरीचा जुना लॅपटॉप असेल तर सुट्टीत तो मुलाच्या हवाली करा. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल दोन्ही त्यावर चालतात आणि दोन्ही फुकट आहेत. मुलगा सुट्टी संपवून निघाला की त्याच्याकडे एक वही मागा. तिच्यात तारखा, फाइलींचे आकार, ओळींचे आकडे आणि रिस्टोअरला लागलेली मिनिटे लिहिलेली असतील तर तो खरोखर शिकला आहे.

पुढच्या सत्रासाठी स्वाध्याय: जोडीने सकीलाची ड्रिल चार आठवड्यांत चार वेळा करा. तिसऱ्या वेळी जोडीदाराने डेटाबेस न बिघडवता गुपचूप बॅकअपची फाइलच अर्धी कापून ठेवावी, आणि ती कापलेली आहे हे तुम्हाला रिस्टोअर करायच्या आधी कळते का ते पाहावे. चौथ्या वेळेची रनबुक माझ्याकडे आणून द्या. ती मी आठवीच्या मुलाला वाचायला देणार आहे.